सुईने ओढलेली रेघ

नवी वस्तू हातात आली की दादा आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "रेघ हाय." बादली असो, कंगवा असो, नाहीतर लग्नात आहेर आलेला डबा. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे प्लास्टिकवर बारीक रेघ उमटते, तीच ही. बोईसरच्या कारखान्यात ते साच्याच्या मशीनवर होते आणि मी माल तपासायला. खरं म्हणजे माझ्या आधी त्यांचं नखच माल पास करायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला इंग्रजी सिनेमांत ते काळं, चौकोनी पिस्तूल दिसू लागलं. अंग प्लास्टिकचं! आपल्या धंद्यातल्या कुणी परदेशात नाव काढावं तसा दादांना आनंद झाला. एकदा व्हिडिओ पार्लरमध्ये पडद्यावरचा कुणी तरी 'हे विमानतळाच्या यंत्राला दिसत नाही' असं म्हणाला, तर दादा उसळलेच. "काय पन सांगतो! नळी लोखंडाची हाय, वरचा भाग लोखंडाचा. निस्तं प्लास्टिक बार झेलंल काय?"

मागून आवाज आला, "बैठ जाओ चाचा!"

मग केळव्याच्या किनाऱ्यावर शूटिंग आलं आणि खलनायकाचं तसलंच खोटं पिस्तूल भरतीत वाहून गेलं. बातमी दादांच्या गावी, माकुणसारला पोचली, तसे दादा जाऊन नवं करून द्यायचं काम अंगावर घेऊन आले. दोन दिवस रजा टाकली. मशीनमधून निघालेला प्लास्टिकचा गोळा कानशीने घासला, वर पत्रा बसवला. दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी म्हणाल्या, "रजा टाकून खेळनी करतंय मानूस!"

पिस्तूल हुबेहूब झालं. पण घासलेल्या मालाला रेघ कुठून येणार? दादांनी ती सुईने ओढली.

"कोणाला दिसणार आहे, दादा?"

"हिला दाखवायची हाय."

सिनेमा पालघरला लागला तेव्हा वहिनींना घेऊन आमची अख्खी शिफ्ट गेली. दोन तास पिस्तूल खलनायकाच्या मुठीतच. दादा घामाघूम. शेवटी हिरोने लाथ मारली, पिस्तूल वाळूत पडलं आणि पडदाभर झालं. वहिनीच उभ्या राहिल्या, "ती रेघ बगा! आमच्या यांनी वडली हाय!"

हिरोला मिळाल्या नसतील इतक्या शिट्ट्या दादांना मिळाल्या.

दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. अजून आठवण येते, फार येते. परवा वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी लाडवांचा नवा डबा आणला, झाकण उघडण्याआधी कडेवरून नख फिरवलं.

"रेघ हाय," म्हणाल्या, आणि लाडू माझ्या हातावर ठेवला.