चौथी टेप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा देवळात सांगायला म्हणून गेले, तर तिथेही भलतंच काहीतरी मागून परत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मूळची निपाणीची, लग्न होऊन बंगळूरला आलेली. जयनगरात एका छोट्या स्टुडिओत नोकरी करत होते. शूटिंगच्या टेपा आल्या की मशीनमध्ये घालून त्या कम्प्युटरमध्ये उतरवायच्या, हे माझं काम. कॅमेऱ्याचं चित्र जसंच्या तसं घेतलं तर कम्प्युटर अडखळायचा, दोन पावलं चालून थांबायचा. म्हणून ते हलकं करून घ्यायचं, म्हणजे एडिटिंग सुरळीत होई. अर्ध्या तासाची टेप उतरवायला अर्धा तासच लागे, आणि तेवढा वेळ समोर बसून राहायचं. मी या कामात चोख होते — निदान लोक तसं म्हणत.

कॅमेरामन होते रुद्राण्णा. पन्नाशी ओलांडलेले, अथणीकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचे. मला ‘तंगी’ म्हणायचे, धाकटी बहीण. हल्ली जरा विसराळू झाले होते. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलाखाली. सगळे हसायचे. मीही हसायची. हे आधीच सांगतेय, कारण पुढे मी त्याचाच — नको, क्रमानेच सांगते.

आनेकलच्या पलीकडे एका खेड्यात लिंगम्मा नावाची म्हातारी सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. एका संस्थेला तिच्यावर फिल्म हवी होती. रुद्राण्णा शूटिंग करून आले आणि चार टेपा माझ्यापुढे ठेवल्या.

“तंगी, चौथी स्वल्प जपून. आजी अर्धा तास नुसती बोलत होती. तिची स्वतःची तीन बाळंतपणं, एक मूल गेलं ते... तिच्या मुलीलाही हे माहीत नव्हतं म्हणे.”

तीन टेपा मी उतरवल्या. चौथी डब्यातून काढून टेबलावर ठेवली. शेजारी दुसऱ्या कामासाठी एक कोरी टेप होती. कोऱ्या टेपेवर आधी नुसतं काळं चित्र भरून घ्यावं लागे. ते करावं म्हणून मी टेप मशीनमध्ये घातली, तर मशीन रेकॉर्डिंग घेईना. टेपेच्या मागे एक लाल खुंटी असते. शूटिंग झालं की कॅमेरामन ती आत दाबतो, म्हणजे त्यावर दुसरं काही भरता येत नाही. ती दाबलेली होती. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं ना? मी पेनाच्या टोकानं खुंटी वर काढली, बटण दाबलं आणि जेवायला गेले. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं बिसीबेळे भात खाल्ला. वर कॉफीही घेतली.

परत आले, तर कोरी टेप टेबलावर तशीच होती.

मशीनमधली टेप मागे नेऊन पाहिली. काळं. पुढे नेली. काळंच.

इथपर्यंत हातून झालं. पुढचं मी समजून-उमजून केलं.

पुसलेल्या टेपेवर माझ्या मशीनचं काळं चित्र भरलेलं होतं, कोरीवर तेही नव्हतं; म्हणून कोरी टेप मी रुद्राण्णांच्या डब्यात ठेवली. पुसलेली टेप माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली. मालक आले तेव्हा मी म्हणाले, “सर, चौथ्या टेपेवर काहीच नाही.” माझा आवाज कापत होता, त्यांना वाटलं, वाईट वाटतंय हिला. त्यांनी टेप उलटून पाहिली. “खुंटीसुद्धा दाबलेली नाही. रेकॉर्डच केलेलं नाही यांनी.”

रुद्राण्णांनी ती टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. मी त्यांच्या मागे उभी होते — आता वळतील, आता माझ्याकडे बघतील. ते वळले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, “झालं असेल. हल्ली होतंय माझं असं.”

पुन्हा शूट करा, असं ठरलं. मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी गाडी गेली आणि दुपारीच, शूटिंग न करता परत आली. लिंगम्मा आदल्या दिवशीच वारली होती.

त्या आठवड्यात मी टेपेची फीत कात्रीनं कापून थोडी-थोडी मार्केटच्या उकिरड्यावर टाकली. प्रत्येक वेळी कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. कुणी नुसतं “अक्का” म्हणून हाक मारली तरी दचकायची.

मग एक दिवस लिंगम्माची मुलगी आनेकलहून बसनं आली. आईला बोलताना बघायचं होतं तिला. रुद्राण्णा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. “माझी चूक झाली, अम्मा. कॅमेरा चालूच झाला नाही.” तिनं हळूच विचारलं, “आवाज तरी असेल ना?” मी तिच्यासाठी पाणी घेऊन आले होते. पेला दिला आणि बाहेर गेले.

रुद्राण्णांनी महिन्याभरात काम सोडलं. त्यांना कुणी काढलं नव्हतं. त्यांचाच स्वतःवरचा भरवसा उडाला होता. आनेकलला त्यांनी पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलं.

चार वर्षांनी मी तिथे गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. मग स्वतःच म्हणाले, “तंगी, मला अजून वाटतं, मी खुंटी दाबली होती. हा अंगठा, यानंच. असं कसं वाटत असेल गं?”

आणि मी म्हणाले, “वय होतं, अण्णा. भास होतात.”

“सरी, तसंच असेल,” ते म्हणाले आणि अंगठ्याकडे बघत राहिले. निघताना त्यांनी दुकानाचं कार्ड दिलं, फोन नंबर लिहिलेलं.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. तो नंबर मला पाठ होता.