जुना माल

माझ्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, मोटर वाइंडिंगचा धंदा. पाण्याचे पंप, पंखे, गिरणीच्या मोटरी, जे जळेल ते त्यांच्याकडे यायचं. जळलेली तार कापून काढायची, नवी भरायची, वॉर्निश द्यायचं, भट्टीत सुकवायचं. दुकानात पाऊल टाकलं की तो जळका वास नाकात बसायचा आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी निघायचा नाही. ताई म्हणायची, माझं लग्न माणसाशी नाही, वासाशी लागलंय.

त्यांचा एक नेम होता आणि गिऱ्हाइकांच्या डोक्याला तो ताप होता. दुरुस्त झालेली मोटर ते तशीच कुणाच्या हाती देत नसत. आधी तिच्यातून काढलेली जळकी तार समोर ठेवायचे. "आधी जुना माल बघा. काय काढलं ते बघितलं नाही, तर काय भरलं त्यावर भरवसा कसा ठेवाल?" कुणी नुसती मान डोलावली तर परत विचारायचे, "सांगा बरं, कुठं जळलीय?" मी एकदा वैतागून म्हणालो, "भाऊजी, लोकांना पाणी पाहिजे असतं, शिकवणी नाही." तर म्हणाले, "मेहुणे, तुम्ही नोकरदार माणसं. न बघता सह्या करता." मला ते लागलं, कारण खरं होतं.

पुढं त्यांची पाठ दुखायला लागली. मोटरी उचलून दुखत असेल म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग अन्नावरची वासना गेली, गालफडं बसली, आणि तपासण्यांमध्ये निघाला तो स्वादुपिंडाचा कॅन्सर. तो नुसता तिथंच राहिला नव्हता. जठराला, प्लीहेला आणि मोठ्या आतड्याच्या वळणाला चिकटून बसला होता. "पोटात गोळा येणं म्हणतात ते हेच का?" असं भाऊजींनी विचारलं तेव्हा हसावं की रडावं ते मला कळेना.

सर्जनबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. कागदावर चित्र काढून म्हणाल्या, "हे सुटं सुटं करता येणार नाही. जे जे चिकटलंय ते सगळं एकत्रच काढावं लागेल. एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून बरेच जण उठतात, काही उठत नाहीत. उठले तरी सावरायला महिने जातात. आणि सगळं निघालं असं वाटलं, तरी तो परत येऊ शकतो. पण काढलं नाही तर फार दिवस हातात नाहीत."

भाऊजींनी एवढंच विचारलं, "काढलेलं दाखवाल का?"

"तुम्ही तर भुलीत असाल. बाहेर नातेवाइकांना दाखवतो आम्ही."

झालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी ताईला भंडावून सोडलं. नीट बघ, डोळे उघडे ठेवून बघ, रंग बघ, काठ बघ, काही आत राहिल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथं विचार. जणू ताईच ऑपरेशन करणार होती. ताई हो हो म्हणत राहिली.

सकाळी त्यांना आत नेलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मी खाली रक्तपेढीत पिशव्यांसाठी उभा होतो, म्हणून ताई एकटीच होती. दार उघडलं, एक नर्स ट्रे घेऊन बाहेर आली. वर हिरवं कापड होतं. "पेशंटचं कोण?" ताई उठली. नर्सने कापड उचललं आणि ताईने डोळे गच्च मिटले. नर्स काहीतरी सांगत होती, बोट फिरवून दाखवत असावी. "बघितलंत ना?" ताईने मान डोलावली. ट्रे आत गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून रस झिरपायचा थांबेना. पोटातून नळी बाहेर काढलेली, तिच्या पिशवीत गढूळ पाणी साठायचं. ताप चढायचा, उतरायचा. दोनदा वाटलं, संपलं. अखेर त्यांच्या तोंडातली नळी निघाली आणि आवाज फुटला, तेव्हा पहिला प्रश्न हाच.

"बघितलंस?"

"हो."

"कसं होतं?"

ताईला काढलेली एकच गोष्ट माहीत होती, दुकानातली जळकी तार; तिचंच वर्णन तिने केलं. "काळं होतं. जळून कोळसा झालेलं." भाऊजींनी डोळे मिटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले.

ते घरी आले ते अर्धे होऊन. साखरेचं दुखणं मागं लागलं, सुई टोचायची, प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल घ्यायची, मूठभर खायचं आणि पुन्हा थोड्या वेळाने मूठभर. डाव्या बरगडीखाली हात ठेवून बसायचे. मधेच आम्हाला गप्प करून कान देऊन ऐकायचे. "इथली जागा रिकामी आहे ना, तिथं कुणीतरी येऊन बसलंय. सरकतंय बघ." सर्जनबाईंनी समजावलं की काढलेल्याच्या जागी आतडी सरकतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं. हात मात्र तिथून हलला नाही.

आणि रोज ताटावर बसलं की तोच प्रश्न. "परत सांग, कसं होतं?" ताईने सांगितल्याशिवाय घास तोंडात जात नसे. जन्मात कधी खोटं न बोललेली माझी बहीण रोज त्यात भर घालायला लागली. केवढं होतं, कुठं चिकटलं होतं, काठ कसे स्वच्छ होते, सगळ्या बाजूंनी. ऐकता ऐकता ते जेवायचे.

हे सगळं तिने मला एका दुपारी स्वयंपाकघरात सांगितलं. घरातले ट्रे तिने देऊन टाकले होते, ते का, हेही तेव्हा कळलं. तिला स्वप्न पडायचं. नर्स दारात उभी असते, कापड उचलते, ह्या खेपेला ताई डोळे उघडून बघते, आणि ट्रे रिकामा असतो. काहीच निघालेलं नसतं. सगळं अजून त्यांच्या पोटातच असतं.

माझा नाकावर राग. म्हटलं, "सांगून टाक ना एकदाचं. मारणार आहेत का ते तुला?"

"मारतील कशाला? जेवायचं बंद करतील."

मी चहाचा कप विसळून ठेवला आणि निघालो. थांबायला हवं होतं असं अजूनही वाटतं.

पण माणूस उठला, हे खरं. अंगात जरा बळ आलं, केमोचे हाल सोसून झाले, आणि ते दुकानात जायला लागले. जड काम बंद, पण गिऱ्हाइकांना छळणं सुरू. मी कामावर जाताना मुद्दाम डोकावायचो. वर्ष बरं गेलं, त्यावर आणखीही काही महिने. आमच्या जिवात जीव आला.

मग एका तपासणीत यकृतावर डाग दिसले. सर्जनबाईंनी खुर्ची जवळ ओढून घेतली. "आता परत कापून उपयोग नाही. औषध देऊ. जेवढा वेळ चांगला जाईल, तेवढा घालवू."

घरात शिरल्यावर ताई चपलाही न काढता भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्यामुळं झालं. मी बघितलंच नाही हो. डोळे मिटून घेतले होते. बघितलं असतं तर कळलं असतं, आत काही राहिलंय का. मी तुम्हाला रोज खोटं सांगत आले."

भाऊजी तिच्याजवळ जमिनीवर बसले, हळूहळू, बरगडीवर हात दाबून.

"माहीत आहे मला."

ताईने मान वर केली.

"ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला तू औषधं आणायला गेली होतीस ना, तेव्हा मी बाईंकडे त्या काढलेल्या गोळ्याचा फोटो बघून घेतला. पांढरट होतं. टणक. काळं काहीसुद्धा नव्हतं. आणि एका बाजूला रक्तवाहिनीपाशी गाठ काठाच्या अगदी जवळ होती, त्याच्यापुढं त्यांनाही कापता आलं नसतं. हे सगळं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. तू डोळे फाडून बघितलं असतंस तरी काय होणार होतं?"

"मग रोज का विचारायचात मला?"

ते म्हणाले, "फोटोत आत काही राहिल्याची भीती होती. तू सांगायचीस तेव्हा सगळं निघालेलं असायचं."

ताईचं रडू थांबेना. भाऊजींनी तिच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "ऊठ. भूक लागलीय. वाढ काहीतरी, आणि सांग."

तिने वाढलं. समोर बसली. सांगायला लागली, काळं होतं, जळून कोळसा झालेलं, केवढं तरी होतं, आणि काठ स्वच्छ होते, सगळ्या बाजूंनी. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते आणि जेवत होते.