खेकड्याच्या गोष्टीतली गप्प जागा

तिचा आवाज माझ्या वर्गात नको, हे मी ठरवूनच टाकलं होतं. लायब्ररीत असू दे, दोन तालुक्यांतल्या शाळांत वाजू दे, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या वर्गात नको.

ती म्हणजे माझी डी.एड.ची मैत्रीण. जव्हारच्या होस्टेलवर आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. पाठाचं टाचण ती माझं बघून उतरवायची, तेही घाईघाईत, आणि सरावपाठाला मुलं मात्र तिच्याभोवती गोळा व्हायची. ती पाड्यावरची, मुलांच्या घरातली बोली तिच्या तोंडात. माझे वडील कारकून, आमच्या घरी पुस्तकातलं मराठी. आता ती पोशेऱ्याकडच्या शाळेवर आणि मी दाभोशाच्या अलीकडे. कशाला साळसूदपणा करू? मला तिचा हेवा वाटतो, तेव्हापासून वाटतो.

शिक्षकांसाठी ऑनलाइन लायब्ररी करायची कल्पना माझी. कामही माझंच. आधी मी सगळं साहित्य इयत्ता, विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती असं एकाखाली एक लावलं होतं. शिक्षण परिषदेत खोडाळ्याकडच्या एका जुन्या गुरुजींच्या हातात फोन दिला आणि शेजारी बसून बघत राहिले. ते बिचारे दाबतायत, आत जातायत, परत बाहेर येतायत. शेवटी फोन माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बाई, मला उद्याचं पाहिजे. एवढ्या दारांतून कशाला फिरवता?"

लागलं मनाला. पण माणूस खरं बोलत होता. घरी आले आणि सगळं मोडून नव्याने मांडलं. मोठी बटणं केली: पहिलीची नवी मुलं, दोन वर्ग एकत्र, बाहेर पाऊस आहे, नुसतं ऐकायचं. प्रत्येक फाइल किती मोठी ते शेजारी लिहिलं, कारण आमच्याकडे रेंज शाळेत नसते, रस्त्याच्या एखाद्या वळणावर असते. तिथे गाडी उभी करायची, फाइल उतरवून घ्यायची आणि पुढे शाळेत जायचं, अशी सगळ्यांची रीत. गाडी उभी असेपर्यंत उतरली तर ती फाइल कामाची.

'नुसतं ऐकायचं' हे बटण मी खरं तर माझ्यासाठी केलं होतं. पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाने निथळत मी कविता रेकॉर्ड केल्या. एक उच्चार इकडचा तिकडे नाही. आणि हिने काय पाठवलं? व्हॉट्सॲपवर एक खेकड्याची गोष्ट. मागे कोंबडा आरवतोय, कुणीतरी भांडी आपटतंय. सुरुवात पाड्यावरच्या बोलीत, मग हळूहळू एकेक मराठी शब्द आत येतो. मध्येच ती विचारते, "आता खेकडा गेला कुठं?" आणि गप्प. इतका वेळ गप्प, की मला वाटलं बाई दूध उतू जातंय का बघायला गेली.

फाइल लहान व्हावी म्हणून ती गप्प जागा मी कापायला घेतली आणि तिला तसं फोनवर सांगितलं.

"अगं, तेवढं नको कापू," ती म्हणाली. "तिथं मुलं बोलतात."

नाही कापलं.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांत जास्त उतरवलेलं साहित्य पहिल्याच पानावर दिसावं, अशी सोय मीच केली होती. तिथे हिचा खेकडा जाऊन बसला तो हलेच ना. माझ्या कविता कुठे तळाला गेल्या. भेटेल तो म्हणायचा, मॅडम, लायब्ररी झकास, ती खेकड्याची गोष्ट तर काय सांगावी! स्वयंपाक सगळा मी केला आणि पंगत उठली ती शेजारणीच्या चटणीचं कौतुक करत. पोटात दुखायचं माझ्या, दुसरं काय.

माझ्या पहिलीत एक मुलगी होती. जूनपासून वर्गात तोंडातून शब्द नाही. घरी चुरूचुरू बोलते, असं तिची आई सांगायची. मी बाहुल्या केल्या, गाणी म्हटली, जेवताना तिच्या शेजारी बसले. खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून तिच्या बोलीतले चार शब्द शिकून आले. ते मी वर्गात बोलून दाखवले तर बाकीची पोरं खो-खो हसली आणि हिने फ्रॉकमध्ये तोंड लपवलं. माझी एकच इच्छा होती. तिने वर्गात पहिला शब्द बोलावा आणि तो माझ्याशी बोलावा.

भातकापणी उरकली. वीटभट्टीवर जायचे दिवस आले, तशी तिची आई शाळेत आली. मुलीला आजीपाशी ठेवू की बरोबर नेऊ, असं विचारत होती. "शाळेत बोलतच नाय, तर ठेवून काय करू, बाई?"

थोडे दिवस थांबा, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वळणावर गाडी उभी केली आणि माझ्याच लायब्ररीतून, माझंच बटण दाबून, मैत्रिणीचा खेकडा उतरवून घेतला. जिवावर आलं होतं अगदी.

वर्गात फोन टेबलावर ठेवला. गोष्ट सुरू झाली. "आता खेकडा गेला कुठं?" आणि ती गप्प जागा आली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात ही न बोलणारी मुलगी उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. हातवारे करून बोलत होती. बांधाजवळचं बीळ, भावाने त्यात घातलेला हात, असं काहीतरी. मला अर्धंच कळलं. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं, तोच फोनमधून आवाज आला, "शाबास!"

मुलगी फोनकडे बघून हसली.

मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? डोळे भरून आले. रोज गोष्ट लावली, रोज ती बोलली. आई पुन्हा आली तेव्हा दारातच उभी राहून तिने ऐकलं आणि मुलीला आजीपाशी ठेवायचं ठरवलं. हे सगळं त्या गोष्टीने झालं. पण ती शाबासकी माझी होती हो. जूनपासून मी ती तोंडात धरून बसले होते, आणि हिने पोशेऱ्यात बसून ती परस्पर देऊन टाकली.

एक दिवस घरी जाऊन मी लॅपटॉप उघडला. लायब्ररीतल्या फाइलला हात लावला नाही. माझ्या फोनमधल्या फाइलीतून मात्र तेवढं 'शाबास' कापून टाकलं. एवढं तरी माझं असू द्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोष्ट लावली. खेकडा हरवला, ती जागा आली, ही उठली, बोलली. मी पुढे होऊन मोठ्याने म्हटलं, "शाबास!"

ती फोनकडे बघत राहिली. फोनमधली गोष्ट पुढे सरकली होती. मग तिने मान वळवली आणि कपाळाला आठ्या घालून थेट माझ्याकडे पाहिलं.

"तू नको बोलू," ती म्हणाली. "त्या बाईला बोलू दे."

माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.