पाहुण्याला कामाला लावू नये

डोंगरातल्या कोक-सुआत गावच्या दवाखान्यात सर्जन एकच, बूरूल-एजे. साठी उलटलेली, आवाज असा की खोकली तरी बाहेर बांधलेले घोडे कान टवकारतात. सगळं गाव तिला एजे म्हणतं, म्हणजे ताई. आणि ती सगळ्या गावावर खेकसते, म्हणजे सख्खी ताई.

तिला घोर एकच. आपण घरी बसलो की इथे सुरी कोण धरणार? दर उन्हाळ्यात बिश्केकहून वैद्यकीचा एखादा विद्यार्थी महिनाभर शिकायला येतो. "पोरं डोंगर बघून राहत नाहीत, भाषणं ऐकून तर नाहीच नाही," ती म्हणायची. "आपण फाडलेला, आपणच शिवलेला माणूस उठून बसतो आणि चहा मागतो, तिथे पोरगं अडकतं. मी तशीच अडकले."

यंदा एर्मेक आला. शेवटच्या वर्षाचा, उंच, लाजरा. पहिल्याच दिवशी फाटक्या उशीला असे टाके घातले की एजे चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली. "सर्जरी घ्यावी की नाही, ठरत नाहीये," तो म्हणाला. एजे दिवसभर कुणावरच खेकसली नाही. गावाने काय ते ओळखलं, आणि घोळ तिथेच झाला. पोरगं राखायचं तर पोटातून, असं गावाने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशनच्या वेळेला दाराशी घोडा हजर.

"डॉक्टर, चला. मेंढी वाट बघतीये."

"कापलेली मेंढी कसली वाट बघतीये?" एजे आतून ओरडायची. "आज पित्ताशय आहे त्याला शिकायला."

"पित्ताशय कुठे पळतंय, एजे. मटण गार होईल."

वडीलधाऱ्याने बोलावलं तर नाही म्हणायची सोय नाही. एर्मेक जायचा. मानाचं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे यायचं, तो रीतीप्रमाणे कान कापून घरातल्या पोरांना द्यायचा आणि कुमिसने, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाने, जड झालेला संध्याकाळी परत यायचा. "कान छान कापलास म्हणे," एजे म्हणायची. "आता माणूस कधी कापतोस?"

शेवटी तिने गावातल्या म्हाताऱ्या क्यदीर-आकेचा, म्हणजे क्यदीरदादाचा, हर्निया त्याच्यासाठी राखून ठेवला. सरळ, सोपा, पहिल्यांदा हातात द्यावा असा. त्या दिवशी तिने फाटकाला आतून कुलूप घातलं. एर्मेक हात धुऊन, हातमोजे चढवून उभा राहिला. भुलीची सुई टोचायच्या आत म्हातारा टेबलावर उठून बसला.

"हा इथे काय करतोय?"

"तोच करणार आहे, आके. मी शेजारी उभी आहे."

"छे. हा माझ्या घरी जेवलाय, मी याला डोकं वाढलंय. आता कामाला लावू? लोक म्हणतील, क्यदीरने पोराला मटण घातलं आणि वसूल केलं."

"तो पाहुणा नाही, विद्यार्थी आहे."

"विद्यार्थी तुझा असेल. पाहुणा माझा."

"आके, मला करायचंय," एर्मेक हळूच म्हणाला.

"बघा, काय वळण आहे पोराला." म्हातारा नर्सकडे वळला. "खुर्ची दे त्याला. आणि चहा आण."

नर्स पडली त्याची सून. सासऱ्याचा शब्द मोडणार कशी? ती चहा घेऊन आली, आणि वडीलधाऱ्याने मागवलेला चहा म्हणून एर्मेकने त्याच हातमोज्यांनी चहाची वाटी धरली. एजेने डोळे मिटले. धुतलेले हात बाटले. म्हाताऱ्यानेही हट्ट सोडला नाही. हर्निया तिने एकटीनेच शिवला.

महिना संपला. एर्मेकच्या डोक्यावर गावाने दिलेली नवी कोरी लोकरी फेल्टची टोपी, काखेत नक्षीदार गालिचा. गाडीपाशी तो घुटमळला.

"एजे, ठरवलं. गोळ्या-औषधांचा डॉक्टर होतो. शहरातच."

"का रे? कुणी काही बोललं?"

"कोण बोलणार? एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. पण माझ्यावाचून इथे कुणाचं अडतंय, असं एकदाही वाटलं नाही."

एजेने तोंड उघडलं, पण गाडीभोवती निरोपाला अख्खं गाव उभं होतं. तिने त्याच्या काखेतला गालिचा घेऊन गाडीत ठेवला.

दोन दिवसांनी क्यदीर-आके टाके काढायला आला.

"नाही ना राहिला?"

"नाही."

"मला वाटलंच." म्हाताऱ्याने मान हलवली. "शहरातली पोरं, मेंढीने कुठे भागतंय त्यांचं. पुढच्या वर्षी जो येईल त्याला घोडा कापू."

एजेने टाका जरा जोरातच ओढला.