म्हैसमाळच्या उतारावरचं घर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर निखिल, म्हणजे माझा नवरा, मांजरालाच सॉरी म्हणतो. त्यामुळे हे लिहू की नको यात बरेच दिवस गेले... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मे महिन्याची सुट्टी संपत आली होती. निखिल, मी, सासूबाई आणि सहा वर्षांची सई असे आम्ही पुण्याहून गाडीने छत्रपती संभाजीनगरला आलो होतो. सासूबाई अजून औरंगाबादच म्हणतात. लेणी, मकबरा सगळं झालं होतं. शेवटचे दोन दिवस उरले होते - एक म्हैसमाळच्या डोंगरावर, एक शहरात खरेदीला.

म्हैसमाळला गिरिजादेवीचं दर्शन घेऊन बाहेर आलो आणि सई म्हणाली, "आई, थंडी वाजतेय." मे महिन्यात थंडी! हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. सई दोन वर्षांची असताना तिला तापात आकडी आली होती. तेव्हापासून तापाचं औषध मी पर्समध्ये ठेवतेच, आणि नेमकी त्या दिवशी पर्स बदलली होती. औषध हॉटेलवर राहिलं. खाली खुलताबादला दवाखाना आहे, तिथवर पोचायचं एवढंच डोक्यात होतं.

उतरताना डाव्या हाताला पत्र्याचं एक घर लागलं. दारात पाण्याचा निळा ड्रम. सईच्या कपाळावर ठेवायला ओलं फडकं हवं होतं म्हणून थांबलो. आतून एक म्हातारी बाई आल्या, सत्तरीच्या असतील. नाव कौसाबाई.

"अगं बाई, लेकराला लई ताप हाय! आन इकडं." त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून सईचं अंग पुसलं. आम्ही निघालो तर मला थांबवलं. "सवाष्ण हायेस, दारातनं तशीच नाय जायचं." आणि माझी ओटी भरली. गहू, हळकुंड, खोबऱ्याची वाटी. त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं, पण सासूबाईंसारख्या सासूबाईंनीही मला पदर पुढे करायची खूण केली. मी घाईघाईत पदराची गाठ मारली, पाया पडले आणि गाडीत बसले.

दोन वळणं गेली. पुढे सरळ रस्ता यायला हवा होता. आला तो निळा ड्रम.

"वळण चुकलं बहुतेक," निखिल म्हणाला. अहो, पण तिथे चुकायला दुसरा रस्ताच नाही! पुन्हा निघालो. मी मोबाइलवर मॅप लावला. ठिपका खुलताबादकडे नीट सरकत होता... आणि काचेबाहेर तेच पत्र्याचं घर, तोच ड्रम. या वेळी कौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना जरासुद्धा नवल वाटलेलं दिसलं नाही. "आलात? बसा, चहा ठेवलाय," म्हणाल्या. चार कप मांडलेले होते.

निखिल भडकला. गाडी उलटी फिरवून वर देवीच्या बाजूला घेतली, म्हणाला तिथे कुणीतरी भेटेल. चढ चढून वळलो तर घर समोर. रस्त्यावर दुसरी गाडी नाही, माणूस नाही, साधं शेरडूही नाही. आता खरं सांगते - मला रडू फुटलं. काचा खाली केल्या तरी गुदमरल्यासारखं होत होतं. मांडीवर सईचं अंग आणखी तापत होतं आणि ती झोपेत दात आवळत होती. मागच्या वेळी आकडी येण्याआधी तिनं असंच केलं होतं. कुठेही गेलं तरी तिथेच! दार उघडून धावत सुटावं असं वाटायचं, पण धावून जाणार कुठे?

तेवढ्यात मागून सासूबाईंनी विचारलं, "वैशाली, ओटीतले दाणे परत ठेवलेस का?"

नव्हते ठेवले. ओटी भरली की त्यातले चिमूटभर दाणे त्या घरात परत ठेवायचे, सगळं धान्य बांधून न्यायचं नाही, हे मला लग्नात शिकवलं होतं. घाईत राहून गेलं. एरवी मी सासूबाईंशी वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट्याने उतरले.

कौसाबाई माझ्याकडे बघेनात. मी गाठ सोडायला लागले तर म्हणाल्या, "मला ठावं व्हतं तू इसरलीस ते. मीच बोलले नाय."

"का?" मी ओरडलेच. "माझी पोर तापलीय तिकडे!"

"परत येशील म्हणून. किती दिसांत कुणी ओट्यावर बसलं नाय गं." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पर लेकरू लई आजारी हाय. ठिव दाणे, आन नीघ."

मला संताप आला होता. तरी त्या घरात त्यांना एकटं सोडून निघवेना. "चला आमच्याबरोबर, खाली सोडतो तुम्हाला."

"मलाबी बसायचंय की! लई डाव बसले दुसऱ्यांच्या गाडीत. मी बसले की गाडी हितंच येती. मी उतरले की लोक जात्यात." त्यांनी माझा हात धरला. "शहागंजात घड्याळापाशी माझ्या लेकीचं बांगड्यांचं दुकान हाय. मंगल नाव तिचं. तिला सांग, मी हाय."

मी ओट्यावरच्या त्यांच्या सुपात चिमूटभर दाणे ठेवले. दोन वळणं गेली आणि सरळ रस्ता आला. पुढे उसाच्या रसाची गाडी, ट्रॅक्टर, माणसं... मी हुंदके देऊन रडले. सईला वेळेत औषध मिळालं, आकडी आली नाही. संध्याकाळी ती आइस्क्रीमसाठी भांडत होती.

दुसऱ्या दिवशी सईला आजीजवळ हॉटेलवर ठेवून आम्ही दोघं शहागंजला गेलो. निखिलचं मत होतं की असलं दुकानच नसणार. दुकान होतं. गल्ल्यावर पन्नाशीची बाई होती. मी कौसाबाईंचं नाव घेतलं तर तिच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

"तुम्हाला घर सापडलं?" ती म्हणाली. "कसं काय? मी जाते ना ताई... नवऱ्यासंगं जाते, एकटी जाते, रिक्षा करून जाते. सगळा रस्ता नीट दिसतो. आमचं घर तेवढं येत नाही. सीधा वर देवीच्या देवळापाशी निघते. तीन वर्षं झाली."

मग तिने विचारलं, "अंगानं कशी दिसती?"

"बारीक आहेत. पण आवाज खणखणीत आहे."

ती हसली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "ओटी भरली का तुमची? याच हातांनी घेतली?" मी हो म्हटलं. तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांवर कपाळ टेकवलं. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, तिला त्याचं काही नव्हतं.

निखिल म्हणतो, घाबरल्यामुळे आपणच गोल फिरत राहिलो. असेलही. मग मंगलताईंचं काय?

पण त्या दिवशी निघताना मंगलताईंनी मला दारात गाठलं होतं. "ताई, भावकी मागं लागलीय. म्हणतात, म्हातारी गेली असणार, आता तिचं दिवसकार्य उरकून टाक. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, करू का?"

आयुष्यभर पोरांना पुरावा मागायला शिकवणारी मी. माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

"नका करू," मी म्हणाले. "आई आहेत."