कूलरची खिडकी

लागोपाठ दोन वर्षं कापसाची पऱ्हाटी हातची गेली, तेव्हा दादा आखातात वेल्डिंगच्या कामाला गेला. जाताना लॅपटॉप मला देऊन गेला. त्यात विंडोज नाही, लिनक्स. वायफाय गल्लीपलीकडच्या चाचीचं. पासवर्ड तिनं आपणहून दिलेला.

एप्रिलातली दुपार होती. टीव्हीवर पट्टी आली: दादाच्या शहरात कामगारांच्या इमारतीला आग. आमच्या बटनांच्या साध्या फोनवरून त्याचा नंबर लागेना. उरला लॅपटॉपवरचा व्हिडिओ कॉल, आणि लॅपटॉप म्हणे वायफायच नाही.

आदल्या दिवशी मी अपडेट केलं होतं. त्यानंच बिघडलं असणार. काळ्या पडद्यावर दादानं शिकवलेल्या कमांड एकेक टाकल्या. वायफायचं कार्ड दिसत होतं. वायफाय कुठं बंद केलेलं नव्हतं. कार्ड चालवणारा ड्रायव्हर काढून परत चढवला, तोही मुकाट चढला. सगळं ठणठणीत, अन् नेटवर्कची यादी रिकामी! बिघाड सापडला असता तर दुरुस्त तरी करता आला असता. आता मी खरंच घाबरले.

"काऊन वं, लागून नाई राहिला?" आईनं विचारलं.

"तू गप बस ना!" मी खेकसले. बाबा टीव्हीसमोर उभेच. सकाळी त्यांनी बसवलेला कूलर खिडकीत घरघरत होता.

चाची लग्नाला पातूरला गेलेली. राउटर तेवढा आमच्यासाठी चालू ठेवून. शेवटी बसस्टँडवरचं सायबर कॅफे गाठावं म्हणून लॅपटॉप उघडाच उचलला, अंगणात आले, तर नेट लागलं! चप्पल घालायची राहिली होती. पाय भाजत होते तरी तिथंच उभी राहिले. रिंग वाजत राहिली. मग दादाचा झोपाळलेला चेहरा दिसला.

रात्रपाळी करून झोपलेल्या त्याला आगीचा पत्ताच नव्हता. "थे शहराच्या दुसऱ्या टोकाले झालं असन," तो म्हणाला. मला रडू आवरेना. त्यानं माझ्यामागचं अंगण पाहिलं. "उनात काऊन उभी हायेस? बाबानं कूलर गल्लीकडच्या खिडकीत बसवला काय?"

पत्र्याचा डबा, आत पाणी. त्यातून वायफाय येत नाही. म्हणून दादा कूलर मागच्या खिडकीत बसवायचा आणि हवा लागत नाही म्हणून आम्ही त्याला नावं ठेवायचो.

बाबांनी पाणी उपसलं, कूलर खाली उतरवला. मागच्या खिडकीत न्यायचंही कुणाला सुचलं नाही. उघड्या खिडकीतून झळा येत होत्या, आम्ही तिघं समोरच घामानं निथळत बसलो, आणि आई पुन्हापुन्हा विचारत होती, "आता येते ना वं वायफाय तिकडून?"