रसूलबीच्या माराला कलम नाही

पहिली काठी रसूलबीच्या मनगटावर पडली, दुसरी तिच्या बांगड्यांच्या गाठोड्यावर. आमची जीप अडवणाऱ्या चौघांतला गमछावाला विचारत होता, "आता सांग, देवीच्या दारात तुमच्या लोकांचं काय काम?"

"धंदा," रसूलबी म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. "अन् तू कोण गं म्हातारे?"

"हिची बहीण."

माझ्या गळ्यात बुद्धाचं पदक असतं. ते पाहून तो हसला आणि माझ्या जातीवरून बोलला. माझ्याही पाठीत एक बसली. आमच्या जीपवाल्याने हॉर्न दाबून धरला, लोक जमले, तेव्हा ते मोटरसायकलींवरून पळाले.

हे माहूरच्या अलीकडे एका फाट्यावर झालं. आम्ही जळकोटहून निघालो होतो. रसूलबी मनियार, म्हणजे बांगड्या भरणारी. माहूरच्या यात्रेत ती दरवर्षी बसते, कारण देवीच्या ओटीत हिरव्या बांगड्या लागतात. मी देवीला जात नाही. डोंगर बघायला आणि तिच्या सोबतीला निघाले होते. माझा नवरा गेला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी रसूलबीने येऊन नव्या भरल्या. तेव्हापासून ती माझी बहीण.

नांदेडच्या स्टँडबाहेर आम्ही सुशीला (मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला नाश्ता) खाल्ली. मिरची जास्त होती, तरी तिने परत मागितली. पुढे कापसाची रानं संपली आणि सागाची झाडी लागली. तिकडे हवा थंड आहे. झाडी बघतच होतो, तेवढ्यात तो फाटा आला आणि त्या चौघांनी जीप थांबवून आधी तिचं नाव विचारलं.

सरकारी दवाखान्यात तिच्या हाताला कच्चं प्लास्टर घातलं. मग चौकीत गेलो. दुखण्याने तिचे डोळे मिटत होते, म्हणून मीच बोलले. "मला आणि माझ्या बहिणीला मारलं." हवालदाराने माझं नाव-जात विचारली, त्या माणसाचे शब्द विचारले. मी जसेच्या तसे सांगितले. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात तिचं नावच नव्हतं, आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची जात एक.

रसूलबीने डोळे उघडले. "साहेब, चुकलं. रसूलबी लिहा. मी मुसलमान हाय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, अवघड केलंत. ह्या सोजरबाईंना जातीवरून बोलले, त्याला ॲट्रॉसिटी हाय. मोठा साहेब तपासाला येईल. तुमच्याला तसं कलम न्हाई. हात मोडला, तर हात मोडल्याचा गुन्हा लागेल. का मोडला, ते कायदा विचारत न्हाई."

"राज्याचा काही कायदा असेल की," मी म्हणाले.

"न्हाई. दिल्लीच्या नव्या कायद्यात जमावाचं एक कलम हाय, पण त्याला पाच माणसं लागतात. तुम्ही चौघं सांगून राहिलात."

"मग पुढच्या वेळी एक जण जास्त घेऊन या म्हणून त्यांना निरोप धाडा."

तो हसला नाही. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "तुम्ही बहीण म्हणालात, मी लिहिलं. राहू द्या तसंच. केस मजबूत होईल."

मी रसूलबीकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं, राहू द्यावं. कोर्टात तिच्या जातीचे कागद मागतील हे तेव्हा सुचलंही नाही.

"मार नावापायी खाल्ला," ती म्हणाली. "आता नावच काढून टाकू का? अन् सोजर, तू गप बस. तुझं तोंड बघूनच कळतंय मला."

मी गप बसले नाही. हवालदाराला म्हटलं, "कलम असो नसो, तो काय म्हणाला ते लिहा. 'तुमच्या लोकांचं काय काम' हे लिहा. त्याशिवाय मी सही करत नाही, अन् माझी ॲट्रॉसिटी पण ठेवा तुमच्यापाशी."

"त्याचा उपयोग न्हाई, बाई."

"उपयोग मी विचारला का?"

आम्ही बाकावरून हललो नाही. चौकीतली माणसं जेवून आली, तरी आम्ही तिथेच. शेवटी त्याने सगळं नव्याने लिहिलं. तिचं नाव, तिचा धर्म, त्याचं वाक्य. कलम मात्र हात मोडल्याचंच लागलं.

"आता घरी जा," हवालदार म्हणाला.

"माहूरला जातो," रसूलबी म्हणाली. "यात्रा संपली न्हाई."

माहूरला तिने नेहमीच्या जागी पोतं अंथरलं. एका हाताने बांगडी भरता येत नाही. तिने सांगायचं आणि मी भरायच्या, असं ठरलं. मी कितीतरी फोडल्या. एक बाई म्हणाली, "मावशी, हात हाय का दगड?" रसूलबी ओरडली, "अंगठ्याखाली दाब, कणीक तिंबून राहिलीस का?" उरलेला माल खपला. त्या बायकांपैकी कुणी तिला नाव विचारलं नाही.

घरी आल्यावर लोक म्हणाले, तुझ्यासाठी कायदा आहे, तू कशाला तिच्यात अडकतेस? माझा कायदा आमच्या माणसांनी मार खाऊन, भांडून मिळवला. तो मी सोडणार नाही. पण एकाच फाट्यावर, त्याच चौघांनी दोघींना मारलं, आणि सरकारला त्यातलं माझंच कारण दिसतं. हे मी ज्याला त्याला सांगते. मत मागायला येईल त्यालाही सांगणार आहे.

केस सुरू आहे. चौघांपैकी दोघे सापडले. रसूलबीचं मनगट वाकडं बसलं. त्या फाट्यावरून आम्ही दोघी जिवंत आलो, ती आणि मी.